कवचांवरून सागराची ओळख

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. येथील सातपुडा मुख्यत्वे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. परंतु हा लाव्हा पसरण्यापूर्वी, सुमारे ९ कोटी वर्षांमागे, नर्मदेच्या खोऱ्यात सागराचे पाणी शिरले होते. मध्य प्रदेशातील बाघ परिसराचे चुनखडक त्याची साक्ष देतात.

प्राचीन सागराची खोली ठरविण्यास फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांची कवचे उपयोगी पडतात. बहुतेक कवचे एक मिलिमीटरहून लहान असल्याने सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखता येतात. वर्गीकरणात प्रथम भित्ती पाहतात: ती वाळूचे कण चिकटवून बनलेली, चिनी मातीसारखी गुळगुळीत, की काचेसारखी व सच्छिद्र आहे. त्यानंतर कप्प्यांची मांडणी एका ओळीत, दोन ओळींत की मळसूत्री आहे, हे तपासतात. शेवटी मुखाचा आकार व स्थान. तरंगणाऱ्या जातींचे कप्पे बहुधा फुगीर असतात. अतिखोल सागरतळाशी चुन्याची कवचे विरघळतात. तेथे कण चिकटवून बनलेली कवचेच प्रामुख्याने उरतात. बाघचे जीवाश्म मात्र उथळ सागराचे निदर्शक ठरले आहेत.

खनिज तेलाच्या शोधातही थरांचे वय याच कवचांवरून ठरवितात. म्हणून शाळेच्या संग्रहातील प्रत्येक जीवाश्मासोबत त्याचे ठिकाण व थर यांची नोंद असणे अगत्याचे आहे. अशा नोंदीअभावी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे कठीण होते.