लसीकरण पुन्हा पहिल्यापासून

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर बाळपणीच्या लसी परत घ्याव्या लागतात. त्या का, कधी आणि कोणत्या, हे गावच्या दवाखान्यापर्यंत पोचायला हवं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून एखादा दहा वर्षांचा मुलगा गावी परततो, तेव्हा जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीचा व्रण त्याच्या डाव्या दंडावर तसाच असतो. आईने जपून ठेवलेल्या कार्डावर पोलिओ, पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला या सगळ्या रकान्यांत तारखा भरलेल्या असतात. कागदोपत्री त्याचं लसीकरण पूर्ण असतं. शरीरातलं त्या लसींचं संरक्षण मात्र ओसरू लागलेलं असतं आणि काही वर्षांत ते बहुतेक संपून जातं. म्हणून जगभरातली ट्रान्सप्लांट केंद्रं एकच नियम पाळतात: रुग्ण पाच वर्षांचा असो की पन्नास, त्याने कधी लस घेतलीच नाही असं समजायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याने हा नियम नीट समजून घ्यावा, याला खास कारण आहे. पैनगंगेच्या दक्षिणेला, यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूरला लागून असलेल्या या जिल्ह्यात बेला, जैनथ, तामसीकडच्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. याच पट्ट्यात, सीमेच्या दोन्ही बाजूंना, गोंड, कोलाम, परधान समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढ्यानेच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचं उद्दिष्ट आहे, आणि मोहिमेच्या १७ राज्यांत तेलंगण आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. तपासण्या वाढतील तसे रुग्ण लवकर सापडतील. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी बहुतेकांचा त्रास कमी होतो. पण आजार मुळापासून काढायचा रुळलेला मार्ग आजही बोन मॅरो ट्रान्सप्लांट हाच आहे. थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया आणि रक्ताच्या अनेक कर्करोगांतही तोच आधार ठरतो.

या ट्रान्सप्लांटमध्ये कापाकापी नसते. आधी जुळणारा दाता शोधतात. सख्ख्या भावा-बहिणीशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. मग रुग्णाला साधारण आठवडाभर जोरकस केमोथेरपी देतात, कधी रेडिएशनही देतात, आणि त्याची जुनी मज्जा रिकामी करतात. त्यानंतरच्या दिवसाला डॉक्टर ‘डे झीरो’ म्हणतात. त्या दिवशी दात्याची मज्जा रक्ताच्या पिशवीसारख्याच पिशवीत येते, स्टँडवर टांगली जाते आणि छातीजवळच्या नळीतून थेंब थेंब शरीरात उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, साधं रक्त चढतंय. पण त्या लाल द्रवातल्या मूळ पेशी आपला रस्ता आपण शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात आणि दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त घडवू लागतात.

जुनी मज्जा जाते, तेव्हा आजारासोबत शरीराची आठवणही जाते. लस घेतली किंवा आजार होऊन गेला की शरीरात स्मृतिपेशी तयार होतात. मज्जेत दडून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशीही असतात. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तो त्यांच्याचमुळे. केमोथेरपी आणि नंतर दात्याच्या नव्या पेशी मिळून ही जुनी फौज हळूहळू संपवतात आणि पाटी पुसली जाते. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या थोड्या स्मृतिपेशी येतात खऱ्या, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

नवी प्रतिकारशक्ती एकदम उभी राहत नाही, टप्प्याटप्प्याने येते. जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी काही आठवड्यांत परततात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना सहा महिने ते वर्ष लागतं. सगळ्यांना दिशा देणाऱ्या टी पेशी त्याहून मागे राहतात. त्यांचं शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होतं, आणि ही ग्रंथी वयाबरोबर आकसत जाते. म्हणून लहान मुलं लवकर सावरतात, मोठ्यांना जास्त वेळ लागतो. त्यात नव्या पेशींनी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला चढवला, म्हणजे जीव्हीएचडी झाला, तर तो आवरायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात आणि सगळंच लांबतं. लसीकरणाचं वेळापत्रक या क्रमावर बेतलेलं असतं. लस फार लवकर दिली तर प्रतिसाद द्यायला पेशी नसतात, आणि फार उशीर केला तर आजार आधी गाठतो.

पहिली पाळी न्यूमोकोकसची. न्यूमोनिया, मेंदुज्वर आणि रक्तातला जंतुसंसर्ग घडवणारा हा जिवाणू ट्रान्सप्लांटच्या रुग्णांचा मोठा वैरी आहे. सिकलसेलच्या मुलांना तर त्याचा धोका ट्रान्सप्लांटच्या आधीपासूनच असतो. असे कवचधारी जिवाणू रक्तातून गाळून काढण्याचं काम प्लीहा, म्हणजे पाणथरी, करते, आणि या मुलांची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते. ट्रान्सप्लांटनंतर तीन ते सहा महिन्यांत न्यूमोकोकल कॉन्जुगेट लस सुरू होते. महिन्याच्या अंतराने तीन डोस आणि पुढे एक चौथा. इतक्या लवकर ती लागू पडते का, हे युरोपातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका गटाला तिसऱ्या महिन्यापासून लस दिली होती, दुसऱ्याला नवव्या महिन्यापासून. पहिल्या गटात ७९ टक्के आणि दुसऱ्यात ८२ टक्के रुग्णांनी चांगला प्रतिसाद दिला. म्हणजे सहा महिने थांबून हाती फारसं काही लागत नाही, आणि तेच महिने सर्वांत जोखमीचे असतात.

कॉन्जुगेट हा प्रकार का महत्त्वाचा, तेही पाहू. न्यूमोकोकसचं कवच साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं. नुसती साखर टोचली तर टी पेशी तिची दखल घेत नाहीत. एकट्या बी पेशींना प्रतिसाद द्यावा लागतो, आणि नव्याने आलेल्या कोवळ्या बी पेशींना ते जमत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचीही हीच अडचण असते. त्यावरचा उपाय म्हणजे ती साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडणं. टी पेशी प्रथिन ओळखतात, बी पेशींच्या मदतीला येतात आणि आठवण पक्की होते. बाळांसाठी शोधलेली ही युक्ती ट्रान्सप्लांट झालेल्या पन्नाशीच्या माणसालाही तारते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये आणलेली न्यूमोसिल आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची टायफॉइडची टायपबार टीसीव्ही, या दोन्ही लसी याच तत्त्वावर बनलेल्या आहेत.

सहाव्या महिन्यापासून वर्षाच्या आत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचं इंजेक्शन यांच्या मालिका सुरू होतात. यांतल्या कुठल्याच लसीत जिवंत जंतू नसतो, म्हणून या रुग्णांनाही त्या सुरक्षित असतात. फ्लूची मारलेल्या विषाणूची लस साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून देतात आणि पुढे दरवर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, घरी पाहुण्यांची रीघ लागते, तेव्हाही. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर रुग्णाभोवती भक्कम कुंपण उभं राहतं.

जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसींचा नियम वेगळा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत द्यायचीच नाही. अनेक केंद्रांत ‘दोन-एक-आठ’ असा हिशोब पाळतात: ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झालेली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद होऊन एक वर्ष झालेलं आणि शेवटच्या इम्युनोग्लोब्युलिनला, म्हणजे बाहेरून दिलेल्या तयार प्रतिपिंडांना, आठ महिने झालेले. जीव्हीएचडी चालू असेल तर तेव्हाही नाही. बीसीजी आणि तोंडावाटे दिलं जाणारं पोलिओचं औषध मात्र या रुग्णांना द्यायचंच नाही. निरोगी माणसाला दुबळा जंतू सराव देऊन जातो, पण ज्याच्याकडे रोखणारं कुणी नाही त्याच्या शरीरात तोच फोफावू शकतो. ही दोन वर्षं रुग्णाला गोवरापासून वाचवायचं ते आसपासच्या मुलांच्या लसीकरणानेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला, तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांमुळे हा आजार किती झपाट्याने डोकं वर काढतो ते दिसलं. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला गोवर झाला तर अंगावर पुरळही न उठता तो थेट फुप्फुसांत उतरू शकतो.

आता पल्स पोलिओची मोहीम डोळ्यांपुढे आणा. आशाताई निळी पेटी घेऊन दारात येते, बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकते, करंगळीच्या नखाला शाईची खूण करते आणि पुढच्या घराकडे वळते. याच मोहिमेने देश पोलिओमुक्त केला. वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी तसं प्रमाणपत्र मिळालं. या थेंबांबद्दल कुणाच्याही मनात शंका नको. पण ज्या घरात ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण आहे, त्या घरातल्या बाळाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायला हवं. थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो आणि हातांवाटे रुग्णापर्यंत पोचू शकतो. थेंब दिले गेलेच असतील तर चार ते सहा आठवडे रुग्णाने बाळाचे लंगोट बदलू नयेत, बाळाजवळ फार वावरू नये आणि घरातल्या सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. बाळाच्या बाकीच्या लसी, गोवर-रुबेला धरून, वेळच्या वेळी द्यायच्याच. त्यांनी रुग्णाला सहसा धोका होत नाही, उलट आधारच मिळतो.

आणखी एक गोष्ट खेड्यात फार उपयोगाची. कुत्रं चावलं किंवा नुसता ओरखडा उठला, तरी या रुग्णाची रेबीजची जुनी लस हिशोबात धरू नये. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवावी, रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घ्यावा आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यावं.

विज्ञान इतकं स्पष्ट आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. ट्रान्सप्लांट होतं हैदराबादला, नागपूरला, मुंबईला किंवा वेल्लोरला. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, आणि मुंबईला नंदिग्राम एक्सप्रेसची रात्र काढावी लागते. दीड-दोन वर्षांत दहा-बारा वेळा टोचून घ्यायचं असेल, तर दर वेळी मजुरी बुडवून एवढा प्रवास कोणतं कुटुंब करील? हे काम जवळच व्हायला हवं: जिल्ह्याच्या ठिकाणी रिम्स रुग्णालयात, उटनूरला, प्राथमिक आरोग्य केंद्रात. पण सरकारी वेळापत्रक जन्मतारखेवर चालतं. पेंटाव्हॅलंटची सुरुवात पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवी, गोवर-रुबेलाही पाच वर्षांपर्यंतच. दहा वर्षांच्या मुलासाठी हिब किंवा न्यूमोकोकसची लस मागितली तर त्याच्या वयाचा रकानाच सापडत नाही. मोठ्या माणसाला तर बहुतेक लसी बाजारातून विकत घ्याव्या लागतात. या रुग्णाचं वय जन्मापासून मोजायचं नसतं, डे झीरोपासून मोजायचं असतं. तेवढी एक सोय सरकारी यंत्रणेने केली, तर बाकीचं सगळं गावात आहेच: लस आहे, शीतपेटी आहे, टोचणारा सरावलेला हातही आहे.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. हे तंत्र ते सिअॅटलला डॉ. डोनल टॉमस यांच्याकडे शिकले होते, आणि त्याच टॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. अडवाणींना आठव्या वर्षी पोलिओ झाला, आणि तेव्हापासून ते चाकांच्या खुर्चीवर आहेत. साल्क यांची पोलिओची लस अमेरिकेत मंजूर झाली ती १९५५ साली. आपल्या मुलांपर्यंत ती पोचायला तेव्हा फार अवकाश होता. आज लस तालुक्याच्या शीतपेटीत पडून आहे, आणि ती योग्य रुग्णाला योग्य महिन्यात मिळणं एका कागदावर अवलंबून आहे.

म्हणून मागणं छोटं आहे. प्रत्येक ट्रान्सप्लांट केंद्राने रुग्णाला घरी सोडताना एक पान द्यावं, मराठीत आणि तेलुगूत. त्यावर डे झीरोची तारीख, प्रत्येक लसीचा महिना, कधीच द्यायच्या नाहीत त्या लसी आणि केंद्राचा फोन नंबर असावा. त्याची एक प्रत गावच्या आशाताईकडे आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात जावी. कुटुंबानेही ते मागून घ्यावं, न लाजता. भावाने किंवा बहिणीने मज्जा दिली, आई-बापांनी शेत गहाण टाकलं, डॉक्टरांनी महिनोन्‌महिने झुंज दिली. एवढ्या कष्टांनी वाचवलेला जीव लसीने टळणाऱ्या न्यूमोनियाने जाऊ देणं आपल्याला परवडणारं नाही. ट्रान्सप्लांट शहरातल्या वॉर्डात सुरू होतं, पण ते पुरं होतं गावच्या दवाखान्यात, शेवटची लस टोचली जाते त्या दिवशी.