मस्तकाभोवतीचे तांबे

१९८५ साली सेसिल हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कड्यांना उभ्या पट्ट्यांनी जोडणारी, पक्ष्याच्या पिंजऱ्याचे नाव मिरविणारी एमआरआय यंत्राची रेडिओ-कॉइल विद्वज्जनांपुढे मांडली, त्यास आता चाळीस वर्षे होऊन गेली. आणि याच सुमारास अमरावतीच्या एका तपासणी केंद्रातील मस्तकाची कॉइल निकामी झाली, तिच्यातील एखादा कपॅसिटर तपासण्याचीही मुखत्यारी तेथे कोणास नसल्यामुळे ती मोहोरबंद अवस्थेत कारखानदाराकडे रवाना झाली, व तिवसा तालुक्यातील एका वृद्ध गृहस्थांना मेंदूच्या चित्रासाठी नागपूर गाठावे लागले. ज्याने आयुष्याची उत्तम वर्षे अशाच कॉइलींना डाख देण्यात वेचली, त्याच्या हे वृत्त जिव्हारी लागले.

पहिल्या बारा-तेरा वर्षांविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. दीड टेस्लाच्या चुंबकात ६४ मेगाहर्ट्झची कंप्रता लागते, त्या तरंगाची मेंदूतील लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते, आणि म्हणून कोणताही बरा पिंजरा मस्तकात सर्वत्र जवळपास सारखे क्षेत्र निर्माण करी.

खरे मन्वंतर घडले ते १९९८ नंतरच्या दशकात. त्या साली ओहायो राज्य विद्यापीठात ८ टेस्लाचे व पुढील वर्षी मिनेसोटात ७ टेस्लाचे, मनुष्य आत जाऊ शकेल असे चुंबक कार्यान्वित झाले. ७ टेस्लाला कंप्रता २९८ मेगाहर्ट्झवर जाते, आणि तरंग मेंदूत जेमतेम १३ सेंटिमीटरांचा, म्हणजे मस्तकाच्या रुंदीहूनही आखूड उरतो. परिणामी मध्यभागी तरंग परस्परांस बळ देतात, कानशिलांपाशी परस्परांस खोडतात, आणि चित्राचा गाभा लखलखत असता दोन्ही बाजू अंधारात बुडतात. पिंजरा हरला तो येथे. थॉमस वॉन यांनी स्वतंत्रपणे जुळविता येणाऱ्या घटकांची कॉइल पुढे आणली. मग आठ किंवा सोळा घटकांना आपापली तीव्रता व आपापली कला देऊन तो अंधार उजळण्याचे, आणि तसे करताना ऊती एखाद्या ठिकाणी तापू न देण्याचे प्रयत्न सुरू झाले, कारण सर्वसाधारण तपासणीत मस्तकास किलोग्रॅममागे ३.२ वॉटहून अधिक शक्ती देण्यास मनाई आहे.

मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा केवढा उत्साह होता! अ‍ॅक्रिलिकच्या नळीवर तांब्याची पट्टी चिकटवावी, आत मिठाच्या पाण्याचे भांडे ठेवावे, शेजारचे वेढे एकमेकांवर किंचित चढवून त्यांचा परस्परप्रभाव तोडावा, आणि नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या पडद्यावरील दरी इष्ट कंप्रतेवर येऊन स्थिरावेपर्यंत कपॅसिटर फिरवीत राहावे, यात दिवस मावळल्याचे भान राहत नसे. या कामास स्थायी आश्रय मिळावा म्हणून सादर केलेली तजवीज, देशात ७ टेस्लाचे चुंबकच नसता त्याच्या कॉइलीचे प्रयोजन काय, असा शेरा मारून एका दप्तराने परत धाडली. तो शेरा अज्ञानमूलक होता, हे मी आजही ठामपणे म्हणतो. कारण कॉइल मेजावर घडते, चुंबकात तिची केवळ परीक्षा होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर १९८० च्या दशकापासूनच ५०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे ११.७ टेस्लाचे चुंबक होते. फरक एवढाच की त्याच्या पोकळीत ५ मिलिमीटरची परीक्षानळी जाई. २०२४ साली फ्रान्समधील साक्ले येथे त्याच ११.७ टेस्लाच्या क्षेत्रात माणसांच्या मेंदूची चित्रे निघाली, तेव्हा आनंदाहून विषादच अधिक झाला, कारण ती कंप्रता आपल्या देशाला नवखी नव्हती. नवखा होता तो तिच्यासाठी मस्तकाएवढे तांबे घडविण्याचा निर्धार. आमच्या प्रयोगशाळेतील ते कसबी हात पुढे पांगले, आणि त्यांची विद्या कोणी लिहूनही ठेवली नाही.

पवईच्या समीर संस्थेने दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र सिद्ध करून २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी चाचणीचा करार केला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि उच्च क्षेत्राची कॉइल अद्याप आपल्या दप्तरांच्या लेखी सुटा जिन्नसच राहिली आहे. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना माझी विनंती आहे की, चुंबकाची वाट पाहू नये. तांब्याची पट्टी, मिठाचे पाणी व एक अ‍ॅनालायझर एवढ्यावर ३०० मेगाहर्ट्झची कॉइल याच सत्रात विद्यार्थ्यांच्या हातून घडवून घ्यावी.