म्हातारपणाची बेगमी : भाग ६
भाताचे पैसे आणि पेन्शनची पायरी

मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव देशभर झालं ते १ डिसेंबर २०१६ला. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता आणि इथल्या बाजारात वडापाववाल्याकडेही कार्ड घासायचं मशीन आलं. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार येऊन गेले, 'कॅशलेस गाव' म्हणून फोटो छापून आले. त्या मशिनांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय; रोख काही बाजारातून हटली नाही. मला आठवतो तो त्या काळातला दुसरा एक कागद. खातं उघडायला गेलं की अटल पेन्शनचा अर्ज पुढे सरकवला जाई. मे २०१५मध्ये सुरू झालेली ही योजना तेव्हा नवी होती. हप्ता कमी म्हणून बहुतेकांनी हजार रुपयांच्या पेन्शनवर खूण केली. देशभर हेच झालं.

आता तेच लोक विचारतात: यंदा भाताचे पैसे हातात आहेत, ते एकदम भरून पेन्शन वाढवता येईल का?

येईल. पण मनाला येईल तेवढी रक्कम खात्यात टाकून नाही. इथे पायऱ्या ठरलेल्या आहेत: १,०००, २,०००, ३,०००, ४,००० आणि ५,००० रुपये महिना. वरच्या पायरीवर जायचं तर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच त्या पायरीचा हप्ता भरत होता असं धरलं जातं आणि मधल्या काळातला फरक वर्षाला ८ टक्के व्याजासकट एकरकमी भरून घेतला जातो. पूर्वी हा बदल फक्त एप्रिलमध्ये होई. जुलै २०२०पासून तो वर्षभरात कधीही करता येतो, मात्र एका आर्थिक वर्षात एकदाच.

समजा, एक बाई २०१६ साली पंचविसाव्या वर्षी हजाराच्या पेन्शनवर नाव नोंदवून बसली. तिचा हप्ता महिना ७६ रुपये. दोन हजाराच्या पेन्शनसाठी तो १५१ असता, म्हणजे फरक ७५चा. दहा वर्षांचा हा फरक ९,००० होतो आणि व्याज धरून साधारण १३,७००. थेट पाच हजारांवर उडी मारायची तर हप्ता ३७६, फरक ३००चा आणि भरणा जवळपास ५५,०००.

हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, "एवढा दंड?" तो दंड नाही. ते व्याज बँकेच्या घशात जात नाही, तुमच्याच पेन्शनच्या पुंजीत जमा होतं. आकडेमोड करून पाहिली तर सगळी योजनाच साधारण ८ टक्क्यांच्या वाढीवर बेतलेली दिसते. उशिरा चढणाऱ्याला ती फार लुटत नाही. उलट एक फायदा टिकतो. पस्तिसाव्या वर्षी नव्याने पाच हजारांची पेन्शन घेणाऱ्याला महिना ९०२ रुपये पडतात, जुन्या खातेदाराला पुढेही ३७६च.

माझं मत विचाराल तर ५५,००० एकदम भरायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो. भात आधारभूत खरेदी केंद्रावर जातं, पैसे खात्यात पडतात, आणि म्हसा गावच्या जत्रेपर्यंत त्यातले निम्मे संपलेले असतात. जत्रेआधी एक पायरी चढा. पुढच्या वर्षी दुसरी. तेव्हा त्या पायरीला १३,७००ऐवजी सुमारे १५,८०० लागतील, कारण व्याज थांबत नाही. आणि हे पैसे सावकाराकडून किंवा डोरलं गहाण टाकून तर मुळीच आणू नका. ८ टक्क्यांसाठी २४ टक्क्यांचं कर्ज कोण काढतं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. साठीपर्यंत पैसा अडकतो. मध्येच बाहेर पडलात तर फक्त भरलेली रक्कम आणि तिच्यावरची कमाई मिळते. पाच हजारांची हमी आहे, महागाईची नाही. महागाई ६ टक्के धरली तर पंचवीस वर्षांनंतरचे पाच हजार म्हणजे आजचे साडेअकराशेच्या आसपास. तरीही खातेदारामागे जोडीदाराला तीच पेन्शन चालू राहते आणि दोघांनंतर वारसाला साडेआठ लाख मिळतात. राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेतल्या १,५०० रुपयांसाठी वयाची ६५ वर्षं आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. अटल पेन्शनला असा दाखला लागत नाही.

पेन्शन वाढवायचा अर्ज खातं असलेल्या बँकेत द्यायचा असतो. जाण्याआधी पासबुक भरून घ्या. मधले हप्ते थकलेले असतील तर ते आधी भरा, आणि फरकाची नेमकी रक्कम बँकेकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. चाळिशी ओलांडलेल्यांना या योजनेत नव्याने येता येत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पेन्शन योजनेचा (एनपीएस) रस्ता उरतो, तिथे हवी तेव्हा, हवी तेवढी रक्कम भरता येते. पण हमी नाही. ते पुढच्या आठवड्यात.