लेबल गप्प, खाच बोलकी

जॉन लेननने घरी कॅसेटवर भरून ठेवलेला आवाज यंत्राने पियानोपासून वेगळा काढला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ बाजारात आलं. तेव्हापासून एक प्रश्न वाचकांकडून फिरून फिरून येतो. जुन्या तबकड्यांवर गायकाचं नाव असतं, साथीदारांचं नसतं. मग त्या या यंत्राला ऐकवल्या, तर मागे कोण वाजवतंय ते कळेल का?

हा प्रश्न तपासायला अमेरिकेतल्या कंट्री संगीताएवढी चांगली जागा नाही. १९२०च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे या संगीताच्या हजारो तबकड्या निघाल्या. साथीदारांचा पत्ता त्यांतल्या फार थोड्या तबकड्यांवर आहे. आणि अभ्यासकांनी गेली साठेक वर्षं या बेनाम वादकांचा पाठलागही चिवटपणे केला आहे.

१६ जुलै १९३०, हॉलिवूड. क्षयाने पोखरलेला कंट्री गायक जिमी रॉजर्स ‘ब्लू योडल नंबर नाइन’ गातो आहे. साथीला एक ट्रम्पेट आणि एक पियानो. व्हिक्टर कंपनीच्या लेबलावर नाव एकट्या रॉजर्सचं. ट्रम्पेट वाजवणारा माणूस होता लुई आर्मस्ट्राँग!

एवढं मोठं नाव लेबलावर का नाही? आर्मस्ट्राँग तेव्हा ओके या दुसऱ्या कंपनीसाठी वाजवत होता, हे झालं एक. पण खरी गोम वेगळी आहे. कंपन्यांचे कॅटलॉगच वर्णानुसार विभागलेले होते: गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकासाठी ‘हिलबिली’, काळ्या गिऱ्हाइकासाठी ‘रेस’. स्टुडिओत दोघं एकत्र वाजवत होते, दुकानात मात्र त्यांना एका लेबलावर बसवायला जागाच ठेवलेली नव्हती. पॅट्रिक ह्यूबर या इतिहासकाराने ‘हिलबिली’ म्हणून विकल्या गेलेल्या तबकड्यांवरचे काळे वादक शोधून काढले आहेत. ते काम पाहिलं की पटतं, नावं काही नुसत्या हलगर्जीपणाने गळलेली नाहीत. कोणाची गळली, त्यालाही एक चाल आहे.

आर्मस्ट्राँगला कान ओळखतो तो कशावरून? मुख्यतः सुराच्या पहिल्या क्षणावरून. १९६४ साली केनेथ बर्जरने वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांची सुरुवात कापून टाकली आणि उरलेला सूर लोकांना ऐकवला. वाद्यांशी सरावलेले श्रोतेही एका वाद्याला दुसरं समजू लागले. ओठ, गज किंवा बोट वाद्याला भिडतं त्या सेकंदाच्या काही शतांश भागात ओळखीचा मोठा ऐवज असतो. वादकाची ओळखही तिथेच दडलेली असते. सुराला तो थेट भिडतो की खालून चढत येतो, ठेक्याच्या किती मागे रेंगाळतो, हे तिथे ऐकू येतं. जुन्या तबकडीची खरखर घालवणारी सॉफ्टवेअर याच क्षणावर बोळा फिरवतात, कारण खरखर आणि आघात दोन्ही क्षणिक आणि दोन्ही तीक्ष्ण. म्हणून अभ्यासाला स्वच्छ केलेली प्रत घेऊ नये. खरखरीसकट असलेलीच घ्यावी.

आता त्या पियानोकडे वळू. तो वाजवत होती लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. रॉजर्स मात्रांचा पक्का नव्हता. मनात आलं की ओळ लांबवायचा, कधी दोन मात्रा गिळायचा. स्वतःच्या गिटारवर हे खपून जातं, पण साथीदाराला ते जीवघेणं ठरतं. मी ही तबकडी ऐकतो तेव्हा ट्रम्पेटपेक्षा पियानोवर जास्त रेंगाळतो, ते यासाठी. गायक वळला की पियानो वळतो, आणि वर ट्रम्पेटला उभं राहायला जमीनही देतो. १८९८मध्ये मेम्फिसला जन्मलेली ही बाई किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडमध्ये पियानो वाजवत होती. १९२४मध्ये त्याच बँडमधल्या आर्मस्ट्राँगशी लग्न झालं, आणि ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पड असा धोशा तिनेच त्याच्यामागे लावला. आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ बँडच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर पियानो तिचा. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही रचनाही तिची. १९७०मध्ये जॉनी कॅशच्या दूरदर्शन कार्यक्रमात आर्मस्ट्राँगने ‘ब्लू योडल नंबर नाइन’ पुन्हा वाजवलं आणि लेबलावर नसलेलं त्याचं नाव घराघरांत पोचलं. लिलच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. २७ ऑगस्ट १९७१ रोजी शिकागोत, आर्मस्ट्राँगच्याच स्मृतिमैफलीत वाजवता वाजवता ती पियानोवर कोसळली आणि गेली. या तबकडीची गोष्ट सांगताना लोक आजही तिला ‘आणि पियानोवर त्याची बायको’ एवढ्यावर उरकतात. हे बदलायला हवं.

नाव शोधताना कानाआधी कागद. तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेला साचा क्रमांक कंपनीच्या नोंदवहीशी ताडला की तारीख आणि गाव मिळतं. व्हिक्टरच्या वह्या त्यातल्या त्यात नीटनेटक्या आहेत. तरी तिथेही पुष्कळदा ‘दोन फिडल, गिटार, बास’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढे वादकांच्या संघटनेचे मानधनाचे कागद आले, त्यांत नावं सापडतात. पण पैसे कोणाला मिळाले ते त्यावरून कळतं, मधला एकल तुकडा कोणी वाजवला ते नाही.

एका माणसाने मात्र संशोधकांवर अपार उपकार करून ठेवले आहेत. बॉब विल्स! टेक्सासमधल्या फिडल-गिटारवाल्यांनी जॅझ आपलासा करून नाचासाठी जे वेस्टर्न स्विंग उभं केलं, त्याचा हा राजा. गाणं चालू असताना तो मध्येच आरोळी ठोकायचा आणि पुढे वाजवणाऱ्याला नावाने हाक मारायचा. सप्टेंबर १९३५मध्ये डॅलसला त्याच्या बँडचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा निर्माते आर्ट सॅदर्ली यांना हा गलका सोसेना. त्यांनी हरकत घेतली, विल्सने सरळ सामान आवरायला सांगितलं, आणि सॅदर्ली नमले. स्टील गिटारवाला लिऑन मॅकॉलिफ त्या हाकांमुळे घरोघरी ठाऊक झाला. आपल्याकडे गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं. पण तिने नाव सांगितलं ते स्वतःचं. विल्सने सांगितली साथीदारांची.

जिथे हाक नाही आणि कागदही नाही, तिथे भौतिकशास्त्र कामाला येतं, आणि स्टील गिटारच्या बाबतीत तर ते फार सुंदर येतं. आपण हवाईयन गिटार म्हणतो तेच हे वाद्य. तारांवर बोटं दाबायची नाहीत, पोलादी कांडी फिरवायची. कांडी सरळ असल्यामुळे सगळ्या तारा एकाच ठिकाणी अडतात. म्हणजे एका वेळी कोणते सूर एकत्र वाजू शकतील, हे वादकाच्या मर्जीवर नसतं. तारा कशा जुळवल्या आहेत, त्यावर ते ठरतं. कांडी सरकली की सर्व तारांची कंप्रता एकाच पटीत बदलते. लॉगरिदमच्या मापावर आलेख काढला तर रेघा एकमेकींना समांतर सरकतात. कांडी तिरकी धरली की समांतरपणा बिघडतो. कधी एक-दोनच रेघा वर चढतात आणि बाकीच्या जागेवर थांबतात. तिथे पायाखाली पेडल आहे असं समजायचं. वेब पियर्सच्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्सने ती करामत केली, १९५४मध्ये गाणं गाजलं आणि मग सगळेच तसं वाजवू लागले. तर आलेखावरून तारांची जुळणी काढता येते, आणि त्या काळी अनेक नामांकित स्टीलवाल्यांची जुळणी त्यांच्या सहीइतकी स्वतःची असे.

बॉब डन हा यातला माझा आवडता. जानेवारी १९३५मध्ये शिकागोला, वेस्टर्न स्विंगवाल्या मिल्टन ब्राउनच्या बँडबरोबर, विजेवर चालणारी स्टील गिटार कंट्रीच्या तबकडीवर त्याने पहिल्यांदा आणली. त्याला ट्रॉम्बोनचं वेड. आवाज विजेने मोठा झाल्यामुळे सूर लांबवून घुमवत ठेवायची त्याला गरज उरली नाही. तो सूर चटकन तोडायचा, फुंकवाद्यासारखा. नव्वद वर्षांनंतरही दोन ओळींत तो ओळखू येतो.

या सगळ्याला एक अट आहे: तबकडी नेमक्या वेगाने फिरली पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जागी यंत्र जरा मंद असेल, तर आज गाणं चढं ऐकू येतं. सुमारे ६ टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर वर. तेव्हा फिडल ऐकावं. फिडलच्या मोकळ्या तारा सहसा सा-पच्या अंतरावर जुळवलेल्या असतात, आणि ग्रामीण फिडलवाला त्या मोकळ्या तारांचा घोष सोडत नाही. तो घोष भलत्याच स्वरात निघाला, तर बहुधा वेग चुकला आहे.

आता यंत्राबद्दल. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तराएवढ्या टापा मारून थांबायचा. मोठमोठे विद्वान पाहून गेले. १९०७मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो; तो गणित करत नव्हता, समोरच्याच्या नकळत हलणाऱ्या मानेकडे पाहत होता. संगीत ओळखणाऱ्या प्रणालींची अशीच परीक्षा बॉब स्टर्म या संशोधकाने २०१४मध्ये मांडली, आणि फसणाऱ्या प्रणालीला त्याने ‘घोडा’ हेच नाव दिलं. या क्षेत्रात ‘अल्बम परिणाम’ प्रसिद्ध आहे: यंत्राला कलाकार ओळखायला शिकवावं आणि त्याने ध्वनिमुद्रणाची ढब शिकावी. १९३५च्या तबकड्यांवर हा धोका कितीतरी मोठा, कारण एक बँड, एक खोली, एक माइक, एक दिवस हे सारं एकत्रच येतं. यंत्र ‘मॅकॉलिफ’ म्हणेल, आणि त्याने ओळखलेली असेल डॅलसची ती खोली.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शिकवणीचा माल. टोनी रसेल यांनी १९२१ ते १९४२ या काळातल्या कंट्री तबकड्यांची जाडजूड सूची केली आहे. अशा सूच्यांत ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ हे शब्द मोलाचे असतात. एखाद्याने जन्म घालवून कमावलेला संशय तिथे नोंदलेला असतो. डेटाबेसमध्ये उतरवताना ‘बहुधा’ आधी गळतं. मग यंत्र अंदाजावर शिकतं आणि तोच अंदाज ९० टक्के खात्री लावून परत देतं.

शिवाय यंत्र नावं देतं ती त्याला शिकवलेल्यांपैकीच. जो माणूस आयुष्यात एकदाच, एका दुपारी, दोन गाणी वाजवून शेतावर परत गेला, त्याचा दुसरा नमुनाच जगात नाही. त्याला यंत्रही ओळखणार नाही आणि कानही. अशांपैकी ज्यांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, ती बॉब पिन्सन, चार्ल्स वुल्फ, कॅरी जिनेल यांच्यासारख्यांनी म्हाताऱ्या वादकांना आणि त्यांच्या आप्तांना गाठून, तबकडी समोर ठेवून, ‘हे तुमच्याबरोबर कोण होतं?’ असं विचारलं म्हणून.