पावतीला नंबर मिळतो तेव्हा

कागदी पावतीपुस्तकात नंबर आधी छापलेला असतो, मजकूर मागून येतो. डेटाबेसमध्ये उलटं. सेव्ह होईपर्यंत पावतीला नंबरच नसतो, आणि तिच्या पोटातल्या ओळींना नेमका तोच हवा असतो. हे मला नीट कळलं २०१४ च्या अखेरीस, एका वाचनालयासाठी जँगोमध्ये वर्गणीचं ॲप लिहिताना.

पावतीचा ऑब्जेक्ट तयार केला आणि सेव्ह न करताच तो वर्गणी, अनामत, विलंब शुल्क अशा ओळींना जोडला. मग आधी पावती सेव्ह केली, नंतर ओळी. एरर आली नाही. टेबल उघडलं, तर ओळींपुढे पावतीच्या आयडीचा रकाना रिकामा!

जँगो १.७ जोडणीच्या क्षणीच आयडी ओळीत उतरवून घ्यायचा. तेव्हा तो होताच कुठे? पुढे पावतीला आयडी मिळाला, पण ओळीतली नक्कल कोरीच राहिली. ओळीला ‘तुझी पावती कोणती’ विचारलं, की मेमरीतली अख्खी पावती आयडीसकट समोर यायची. म्हणून तपासताना सगळं ठीक दिसायचं. शिवाय जुन्या नोंदी भरता याव्यात म्हणून तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल असं मी ठरवलं होतं. तसं नसतं, तर डेटाबेसनेच ओळ नाकारली असती.

एप्रिल २०१५ मधल्या १.८ ने सेव्ह न झालेला ऑब्जेक्ट जोडायलाच बंदी केली. ती जाचक होती. नुसत्या मेमरीत जुळणी करून बेरीज पाहायची म्हटली तरी अडायचं. ऑगस्टमध्ये १.८.४ ने ही तपासणी सेव्हच्या वेळेवर नेली. माझ्या मते तिची जागा तीच, कारण डेटा हरवतो तो तिथे.

आता मी आधी पावती सेव्ह करतो, मग ओळी जोडतो, आणि हे सगळं ‘ट्रान्झॅक्शन.अटॉमिक’च्या आत. एरवी जँगो प्रत्येक सेव्ह तिथल्या तिथे पक्का करतो. तिसरी ओळ अडली तर आधीची अर्धी पावती तशीच राहते. आत असलं, की सगळंच मागे फिरतं.

त्या बेवारस ओळी मी ग्रंथपालांबरोबर बसून कागदी स्थळप्रतींशी जुळवल्या. तारीख आणि रक्कम बहुतेकदा पुरायची. एकाच दिवशी दोघांनी सारखीच अनामत भरली असेल, तिथे ग्रंथपाल आठवून सांगायचे.