शीतकाल, धर्मग्राम आणि विधिनियमांची शब्दयोजना

थंड देशांत शीतकाली बंद दालनांत एकत्र येणाऱ्या भाविकांत श्वसनमार्गाच्या रोगांचा फैलाव वाढतो. तेव्हा उपासनेचे सामुदायिक स्वरूप राखून संसर्ग कसा टाळावा, असा प्रश्न कॅथलिक धर्मग्रामापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर बव्हंशी विधिनियमांच्या शब्दयोजनेतच सापडते.

१९७० च्या लॅटिन मिस्साग्रंथात परस्परांना शांती देण्याचे आवाहन ‘प्रो ओपॉर्तुनिताते’, म्हणजे ‘प्रसंगोचित असल्यास’, करावे असे म्हटले आहे. म्हणून हस्तांदोलन वगळल्याने विधी खंडित होत नाही. भारतात तर अंजलिहस्ताने शांती देण्यास रोमने १९६९ मध्येच संमती दिली. सामाईक चषकाचेही तसेच आहे. केवळ भाकरीच्या रूपातही संपूर्ण ख्रिस्त लाभतो, हा सिद्धान्त ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये मांडला. त्यामुळे २००९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अनेक धर्मप्रांतांनी चषक स्थगित केला, तरी ख्रिस्तप्रसादास उणेपणा आला नाही.

रविवारच्या मिस्सेचे बंधन आजाऱ्यास लागू नाही. तो घरी राहतो तेव्हा कर्तव्य चुकवीत नाही, शेजाऱ्यास जपतो. आणि त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोहोचविणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य ठरते.