सिकलसेल समजावणारे चित्र

नवापूरसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. तांबडी गोल पेशी व तिच्याशेजारी विळ्यासारखी वाकलेली पेशी रेखाटली, की शेतकऱ्यास आजाराचे स्वरूप सहज उमगते.

आनुवंशिकतेचे चित्र मात्र अधिक जोखमीचे. त्यात वाहक माता-पिता अर्धे रंगविलेले असतात. खाली चार अपत्ये: एक कोरे, दोन अर्धी रंगलेली, एक पूर्ण रंगलेले. अर्धा रंग म्हणजे अर्धा आजार नव्हे, हे प्रथम सांगावे. वाहक सहसा निरोगीच असतो. त्याहून मोठा घोटाळा चार आकृत्यांचा. एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निर्धोक, असा अर्थ पाहणारा काढतो. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता २५ टक्केच राहते.

यासाठी चित्राशेजारी चिंचोक्याच्या दोन फोडी ठेवाव्यात. एक फोड मातेची, एक पित्याची. दोन्ही काळ्या पडल्या, तर मूल आजारी. पुन्हा टाकल्या, तर मागच्या दानाची आठवण फोडींना नसते!

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे चित्र सोयरीक ठरण्यापूर्वीच दाखवावे.